कैलासवासींची बाकी : ऐतिहासिक कादंबरीतील मृत पिता

एम. ए.च्या वर्गात ‘स्वामी’ शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला बरेच दिवस पुरला. पात्रचित्रण या घटकासाठी मी फळ्यावर नावे लिहीत होतो : माधवराव, रमाबाई, राघोबादादा, गोपिकाबाई, रामशास्त्री. ती म्हणाली, “सर, यात नानासाहेब नाहीत.” मी सवयीने उत्तर दिले की, माधवराव गादीवर येण्यापूर्वीच ते वारले आहेत. त्यावर तिचे म्हणणे असे, “पण सगळे त्यांच्यामुळेच चालले आहे ना?” तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. खरे पाहता सुटलो नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेत आपण पात्रांची विभागणी मुख्य, गौण, खल, सहायक अशी करीत आलो आहोत. कथेला आरंभ होण्यापूर्वी किंवा कथेच्या मध्यावर निवर्तलेला आणि तरीही घरातील प्रत्येकाच्या हालचालीला कारण होणारा जो पिता, त्याला या विभागणीत कोठेच जागा नाही. प्रस्तुत टिपणात या जागेविषयी काही म्हणावयाचे आहे.

आपल्या पत्रव्यवहाराच्या रीतीत हयात वडिलांच्या नावामागे ‘ती.’ लागते आणि मृत्यूनंतर ‘कै.’ लागते. एका अक्षराचा हा बदल किरकोळ नाही. तीर्थरूप वडिलांशी मतभेद होऊ शकतो, त्यांच्यापुढे गप्प बसता येते, घर सोडून जाता येते. कैलासवासी वडिलांशी यांतले काहीही करता येत नाही. पेशवेकालीन कागदांत आणि त्याआधी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त ‘थोरले कैलासवासी स्वामी’ असा उल्लेख येतो, तो केवळ आदरार्थी नसतो. अमुक वहिवाट त्यांच्या वेळची आहे, तेव्हा ती चालली पाहिजे, असा अधिकार त्या उल्लेखात असतो. आजच्या लग्नपत्रिकेतही ‘कै.’ लावलेले आजोबा छापलेले असतातच.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ मात्र जिवंत पित्यापासून झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हरिभाऊंच्या ‘उषःकाला’त विजापूरच्या बादशाहीशी इमान राखणारा किल्लेदार बाप आणि शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा मुलगा यांचा संघर्ष आहे. बाप समोर असल्यामुळे मुलाला आपली बाजू मांडावी लागते आणि बापालाही आपली. १९६० नंतरच्या कादंबरीत, म्हणजे रणजित देसाई, ना. सं. इनामदार आणि शिवाजी सावंत यांच्या लेखनात, ही समोरासमोर पुष्कळदा संपते. बाप गेलेला असतो आणि मुलगा स्वगतात त्याच्याशी बोलतो. आगरकरांनी ‘विकारविलसिता’त (१८८३) आणलेल्या हॅम्लेटच्या बापाचे भूत निदान स्वतः येऊन आपली तक्रार सांगते. आमच्या कादंबरीतला बाप येत नाही, त्याची तक्रारही नसते. त्याची फक्त थोरवी असते.

माझे म्हणणे असे की, मृत पिता कुटुंबात दोन प्रकारे वावरतो. एक स्मृती म्हणून, आणि दुसरा, जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर, बाकी म्हणून. त्याने करून ठेवलेले कर्ज, अर्धवट ठेवलेली वाटणी, दुखावलेली माणसे, मागे राहिलेल्या बायका, दिलेले शब्द ही सगळी बाकी. मराठी ऐतिहासिक कादंबरी स्मृतीच्या बाबतीत अतिशय उदार आहे आणि बाकीच्या बाबतीत हात आखडता घेणारी. वस्तुतः दप्तरांतील कागदपत्रे पाहिली तर तेथे स्मृती थोडी आणि बाकीच पुष्कळ आढळते.

येथे एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे वडील वारले तेव्हा मी पदव्युत्तर वर्गात शिकत होतो. तेराव्यानंतर कपाटातून एक लांबट वही निघाली. तीत सोसायटीचे आणि दोन नातेवाइकांचे देणे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. पुढची सहा वर्षे आमच्या घरात दोन व्यवहार शेजारीशेजारी चालले. वडिलांविषयी बोलायचे ते त्यांच्या गुणांविषयी, आणि त्यांच्यासाठी करायचे ते हप्ता भरणे. पहिला व्यवहार आई सांभाळीत असे, दुसरा थोरला भाऊ. भावाने त्या काळात वडिलांविषयी एकही वावगा शब्द काढला नाही. त्याला काय वाटत होते, हे मी आजवर विचारलेले नाही. कादंबरी लिहायची तर ती या न विचारलेल्या प्रश्नाची लिहावी लागेल, असे मला वाटते.

‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी आजही वाचावीशी वाटते, याचे माझ्या मते एक कारण असे की, तिला बाकीचे थोडेतरी भान आहे. नानासाहेब पेशवे पानिपतच्या आघातानंतर जून १७६१ मध्ये पर्वतीवर वारले. सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवाईची वस्त्रे आली आणि त्याबरोबर कर्जही आले. हे कर्ज एका पिढीचे नव्हते. पहिल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून कर्जाची व्यथा वारंवार येते. बापाचे देणे मुलाकडे आणि त्यात भर पडून नातवाकडे, अशी ती परंपरा होती. १७७२ मध्ये थेऊरला मृत्यू समोर दिसत असताना माधवरावांनी जी कलमे लिहून ठेवली, त्यांत कर्ज वारण्याचा विषय आहे आणि काशी-प्रयाग ही क्षेत्रे सोडवून घेण्याचा, वडिलांच्या मनात असून राहून गेलेला, हेतूही आहे. सत्तावीस वर्षांचा मुलगा मरताना स्वतःपेक्षा वडिलांचे हिशेब अधिक बोलतो. देसाई यांच्या कादंबरीतील शेवटच्या भागाला जी आर्तता आहे, ती रमाबाईंच्या सहगमनाइतकीच या कर्जचिंतेतूनही येते. आपण विद्यार्थ्यांकडून पहिल्या गोष्टीवर पानेच्या पाने लिहून घेतो आणि दुसरीवर एक वाक्यही नाही.

राघोबादादांशी माधवरावांचे जे वर्तन आहे, त्याचाही उलगडा याच दृष्टीने अधिक चांगला होतो. बाप गेल्यावर चुलता बापाच्या ठिकाणी, हा आपल्या कुटुंबव्यवस्थेचा नियम. १७६२ मध्ये आळेगावच्या लढाईनंतर माधवराव आपण होऊन काकांच्या स्वाधीन होतात. १७६८ मध्ये धोडपला काकांचा पराभव केल्यावर त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवतात. दोन्ही वेळा समोर जिवंत राघोबा असले, तरी माधवराव ज्या जागेपुढे झुकतात किंवा अडखळतात ती जागा नानासाहेबांची आहे. देसाई यांनी हा ताण संयमाने रंगवला आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण याच कादंबरीत एक जागा अशी आहे की जेथे लेखकाने थांबायला हवे होते. पानिपतावर फौज उपाशी मरत असताना, विश्वासराव तेथे असताना, डिसेंबर १७६० मध्ये नानासाहेबांनी पैठण येथे दुसरे लग्न केले. इतिहासकारांनी याबद्दल त्यांना पुष्कळ बोल लावले आहेत. ते बोल योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. काही आठवड्यांत थोरला मुलगा रणात पडला, काही महिन्यांत बाप गेला आणि घरात एक बालवधू विधवा होऊन राहिली. गोपिकाबाईंना या सवतीकडे पाहून काय वाटत असेल? माधवरावांना आपल्या बापाविषयी काही वाटले असेल की नाही? बापाचा राग येणे आणि बापासाठी जीव टाकणे या गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हे तर कोणत्याही संसारी माणसाला ठाऊक आहे. कादंबरीत या प्रश्नाला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. गोपिकाबाईंचा करारीपणा आणि नंतरचे त्यांचे गंगापूरला जाऊन राहणे आपल्याला दिसते, पण त्यामागे असलेले नानासाहेब दिसत नाहीत.

शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीचा विचार करताना नावापासूनच सुरुवात करावी लागते. छावा म्हणजे सिंहाचे पिल्लू. ते संबंधवाचक नाव आहे. कमल गोखले यांच्या चरित्रग्रंथाचे नावही ‘शिवपुत्र संभाजी’ (१९७१) असेच आहे. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या ग्रंथाने संभाजीराजांवरील किटाळ दूर करण्यास प्रारंभ केला आणि पुढच्या लेखकांनी ते कार्य नेटाने चालवले, याबद्दल त्यांचे ऋण आहेच. परंतु एकतीस वर्षांचा, नऊ वर्षे राज्य केलेला, ‘बुधभूषण’सारखा संस्कृत ग्रंथ लिहिणारा राजा आपल्या मनात शेवटपर्यंत छावाच राहतो, यावरून मृत पित्याची सावली केवळ पात्रांवर नव्हे, तर लेखक-वाचकांवरही किती दाट पडलेली आहे हे दिसते.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. बापाच्या अंत्यविधीला थोरला मुलगा नव्हता. दिलेरखानाकडे जाऊन परतल्याला फार दिवस झाले नव्हते आणि पन्हाळ्यावरील भेटीत जे बोलणे झाले त्यानंतर पुन्हा बोलणे झालेच नाही. हिंदू घरात ही केवढी मोठी बाकी आहे, हे सांगायला नको. सभासद सांगतो त्याप्रमाणे महाराजांच्या मनात दोन मुलांसाठी राज्याचे दोन भाग करण्याचा विचार होता : एक तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंतचा आणि दुसरा तुंगभद्रेपासून गोदावरीपर्यंतचा. ही हकिकत स्वीकारताना सभासदाची बखर जिंजीत राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हे विसरता येत नाही. बापाची इच्छा काय होती, हे येथे एका मुलाच्या पदरी असलेला माणूस सांगतो आहे. मृत पित्याची इच्छा ही हयात माणसांची मालमत्ता असते.

वाटणीचा हा प्रश्न महाराजांच्याही वाट्याला आला होता. जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजे कर्नाटकात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून वारले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १६७७ मध्ये, कर्नाटकच्या मोहिमेत महाराजांनी व्यंकोजीराजांपुढे वडिलार्जित दौलतीतील निम्म्या हिश्श्याची मागणी ठेवली. स्वतः छत्रपती झालेला मुलगा भावाकडे बापाच्या जहागिरीचा हिस्सा मागतो, यात केवळ राजकारण आहे असे समजून आपले कादंबरीकार बहुधा हा प्रसंग दिग्विजयाच्या ओघात उरकतात. आयुष्याचा फार मोठा काळ ज्या बापापासून दूर गेला, त्याच्या मालमत्तेत आपला भाग आहे असे म्हणण्यात आणखी काही असू शकते. ते काय असेल, हे इतिहासकाराला सांगता येणार नाही. कादंबरीकाराने सांगावे, ही अपेक्षा गैर नाही.

मला मात्र या सगळ्या परिवारात सर्वाधिक अस्वस्थ करणारा मृत पिता राजघराण्यातला नाही. १६८१ मध्ये संभाजीराजांविरुद्धच्या कटाच्या संशयावरून अण्णाजी दत्तो यांच्यासमवेत बाळाजी आवजी चिटणीस यांनाही देहान्त शासन झाले. बाळाजी आवजी हे महाराजांच्या विश्वासातले चिटणीस. येसूबाईंनी याबद्दल संभाजीराजांना बोल लावला, राजांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याला जवळ केले, असे परंपरा सांगते. ज्या राजाने आपल्या बापाला मारले, त्याच राजाची या मुलाने चाकरी केली. गोव्याच्या मोहिमेत राजांचा जीव वाचवल्याची हकिकत त्याच्याच नावावर आहे. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना बाहेर काढण्यासाठी त्याने आपले वतन शिर्क्यांना देऊन टाकले. त्यानंतर तो शाहू महाराजांच्याही सेवेत होता.

‘छावा’त खंडो बल्लाळ आहे. पण तो आहे निष्ठेचा दाखला म्हणून. बाप मारला गेलेला मुलगा जेव्हा इतकी सेवा करतो, तेव्हा राजा थोरच असला पाहिजे, असा त्याचा उपयोग आहे. त्याच्या घरी काय झाले असेल, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. दरबारातून तो संध्याकाळी परतत असेल तेव्हा आई दारात असेल. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी तो राजाज्ञा लिहीत बसला असेल काय? चिटणिशी ही बापाचीच होती. ज्या दौतीतून बापाने लिहिले, त्याच दौतीत बोरू बुडवून मुलगा लिहितो आहे, आणि ज्याच्या नावाने लिहितो आहे तो बापाचा मारेकरी आहे. निष्ठा हा शब्द एवढे सगळे झाकून टाकायला पुरेसा आहे का?

तो पुरला नाही, याला पुरावा आहे, आणि तो कादंबरीबाहेर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. ते बाळाजी आवजींच्याच वंशातले. त्यांच्या बखरीतील संभाजीराजांचे चित्र अतिशय काळे आहे आणि बेंद्रे आदी संशोधकांनी त्याचे कारण पूर्वजाच्या वधात पाहिले आहे. खंडो बल्लाळाने जे उच्चारले नाही, ते सव्वाशे वर्षांनी त्याच्या वंशजाने लिहून काढले, असे मानायला जागा आहे. म्हणजे एका मृत पित्याच्या बाकीतून संभाजीराजांची कित्येक पिढ्या चाललेली प्रतिमा तयार झाली, आणि ती पुसण्यासाठी ‘छावा’ लिहावी लागली. एवढा मोठा विषय ज्या माणसाभोवती आहे, तो आपल्या पात्रांच्या यादीत ‘गौण’ म्हणून नोंदला जातो.

हे केवळ जुने झाले असेही नाही. २०२५ मध्ये ‘छावा’वर आधारित हिंदी चित्रपट आला, तेव्हा आपल्या पूर्वजांना फितूर दाखवल्याबद्दल शिर्के घराण्यातील वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. आक्षेपाच्या गुणदोषांत मी जात नाही. साडेतीनशे वर्षांनीही ‘आमचे वडील’ या दोन शब्दांना वर्तमानकाळ चिकटलेला असतो, एवढेच पाहायचे.

राघोबादादांच्या मुलांविषयी थोडक्यात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. त्यांनी बाप पाहिलाच नाही. दुसरीकडे, त्या खुनाचा ठपका ज्यांच्यावर आला त्या राघोबांचे मुलगे बाजीराव आणि चिमाजी आप्पा १७८३ मध्ये बाप गेल्यावर कैदेत वाढले. १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अंत झाल्यावर राघोबांच्या थोरल्या मुलाला टाळण्यासाठी कारभाऱ्यांनी काय करावे? त्यांनी चिमाजी आप्पाला सवाई माधवरावांच्या विधवेच्या, यशोदाबाईंच्या, मांडीवर दत्तक दिले आणि १७९६ मध्ये काही काळ पेशवाही केले. नात्याने पाहता चिमाजी हा सवाई माधवरावांच्या बापाचा चुलतभाऊ. चुलता पुतण्याचा मुलगा झाला, कारण त्याच्या नावापुढचा बाप कागदावरून पुसायचा होता. याहून विदारक प्रसंग कोणत्या कल्पक कादंबरीकाराला सुचला असता? इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’मध्ये (१९६९) दुसऱ्या बाजीरावाला ‘पळपुटा’ या शिक्क्यातून सोडवून माणूस म्हणून पाहण्याचे धाडस केले, ते मोलाचे आहे. ज्याला जन्मभर कोणी ‘राघोबाचा मुलगा’ हे विसरू दिले नाही, त्याच्या संशयी आणि चुकार स्वभावाची मुळे शोधताना त्या मृत बापाकडे जावेच लागते. आणि बाकी तेथेही फिटली नाही. १८५१ मध्ये बिठूरला बाजीराव वारले, त्यांचे आठ लाखांचे वार्षिक वेतन कंपनी सरकारने दत्तकपुत्राला नाकारले, आणि ‘बापाचे मला मिळत नाही’ ही तक्रार १८५७ पर्यंत गेली.

यावर माझे एक सहकारी म्हणाले की, वाचकाला ऐतिहासिक कादंबरीत प्रेरणा हवी असते, आपण तिला घरातली धुणी धुवायला लावता. हा आक्षेप मी हलका मानत नाही. नेमाडे यांनी या कादंबरीप्रकाराच्या रंजनपरतेवर जी टीका केली, तिच्या उलट टोकाला जाऊन ‘अस्मिता’ हाच तिचा प्रांत आहे असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि वाचक त्यांच्या बाजूला आहेत. पण नानासाहेबांचा राग येऊनही त्यांचे कर्ज फेडणारे माधवराव, राग न येणाऱ्या माधवरावांपेक्षा कमी प्रेरक कसे ठरतात, हे मला उमगत नाही. उलट, ज्या तरुणांना घरी जाऊन आपल्या कैलासवासी वडिलांच्या वहीतील आकडे पाहायचे आहेत, त्यांना दुसरे माधवराव काय उपयोगाचे?

गेल्या वर्षी याच विषयावर एका विद्यार्थ्याने खंडो बल्लाळाला केंद्रस्थानी ठेवून संशोधनाचा आराखडा तयार केला होता. तो समितीपुढे गेला आणि ‘मुख्य व्यक्तिरेखा निवडावी’ अशा शेऱ्यासह परत आला. आता तो ‘ऐतिहासिक कादंबरीतील पितापुत्र संबंध : एक आकलन’ या शीर्षकाखाली चार कादंबऱ्यांतील आदर्श पुत्रांचा अभ्यास करतो आहे. परवा भेटला तेव्हा त्याने विचारले, “सर, चिटणिसांचे एक प्रकरण परिशिष्टात घालू का?” मी म्हणालो, घाल, आणि त्याच्या आईविषयी जे काही सापडेल ते आधी शोध.